टोंगळ्यातलं आभाळ

मे महिन्याचा तिसरा आठवडा. मलकापूरला सकाळी साडेसहालाच ऊन अंगणात पाय पसरून बसलेलं. आत्या खाटेवर उठून बसली, दोन्ही गुडघ्यांवर तळवे दाबून धरले आणि मान वरही न करता तिनं जाहीर केलं, "टोंगये लय ठणकून राह्यले वं रातीपासून. पानी येते पाय आज-उद्या."

आभाळ कोरं होतं. दुपारी पारा त्रेचाळीसला टेकणार हे सांगायला हवामान खातंही नको होतं. आतेभाऊ दाराआड हसला, पण तिला सरळ खोटं कोणी ठरवलं नाही. आमच्या घरात आत्याच्या गुडघ्यांना मान आहे. टोंगळा म्हणजे गुडघा. घाटाखालच्या वऱ्हाडीत ळ चा य होतो, म्हणून टोंगये. पावसाच्या आदल्या दिवशी ते बोलतात हा तिचा दावा चाळीस वर्षांचा आहे, आणि त्यांच्या शब्दावर गच्चीवरच्या कुरडया उचलल्या गेलेल्या मी स्वतः पाहिल्या आहेत.

त्या दिवशी पाऊस आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चुकलेलं भाकीत माणसं सहसा विसरतात, पण हे माझ्या डोक्यात राहिलं, कारण ठणका खरा होता. ओट्याची एक पायरी उतरताना ती दाराची चौकट धरत होती. पाऊस नसताना पावसाचा ठणका आला कुठून?

पहिला संशय अर्थातच हवेच्या दाबावर. आपल्या डोक्यावर हवेचा जो डोंगर आहे त्याचं वजन अंगाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो पडतं. आभाळ भरून यायच्या आधी हा दाब थोडा उतरतो. बाहेरचं दाबणं सैल झालं की सांध्याभोवतीच्या सुजऱ्या आवरणाला फुगायला मोकळीक मिळते, तिथल्या मज्जातंतूंना ताण बसतो आणि ठणका लागतो. ऐकताक्षणी पटावं असं हे स्पष्टीकरण आहे. मलाही ते पटलेलं होतं, राजूर घाट चढेपर्यंत.

आत्याला घेऊन मी मलकापूरहून बुलढाण्याला निघाले होते. पंचाहत्तरी ओलांडल्यामुळे तिला एसटीत तिकीट लागत नाही, आणि त्याचा तिला एवढा अभिमान की कंडक्टर जवळ यायच्या आधीच आधारकार्ड हातात तयार असतं. मलकापूर पूर्णेच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरच्या आसपास. बुलढाणा अजिंठ्याच्या डोंगरावर, साडेसहाशेच्या आसपास. म्हणूनच उन्हाळ्यात अकोला चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर तापतं तेव्हा विदर्भातलं सगळ्यात कमी कमाल तापमान पुष्कळदा बुलढाण्याच्या नावावर असतं. मोताळा मागे पडलं, घाट लागला. पुढच्या सीटवरच्या पोराच्या हातातलं वेफर्सचं पाकीट वळणागणिक फुगत चाललं होतं. शंभर मीटर चढलं की हवेचा दाब साधारण अकरा हेक्टोपास्कलनं उतरतो (जुनी माणसं याच मापाला मिलिबार म्हणायची), म्हणजे चारशे मीटरला चाळीसच्या वर. माझ्या फोनमध्ये दाबमापक आहे. त्यातले आकडे पाकिटाबरोबर, पण उलट्या दिशेनं चालले होते.

आता याच्या शेजारी पाऊस ठेवून बघा. बंगालच्या उपसागरातून निघालेला कमी दाबाचा पट्टा विदर्भावरून जातो, तीन-तीन दिवस झड लागते, नाले रस्त्यावर येतात, आणि एवढ्या धुमाकुळात दाब उतरतो तो फार तर आठ-दहा हेक्टोपास्कल. राजूर घाटाच्या जेमतेम पावपट! गुडघा नुसता दाबमापक असता, तर या घाटात रोज प्रत्येक गाडीत म्हाताऱ्या माणसांनी आकांत मांडला असता. विमानाचं तर विचारूच नका. तिथं आतला दाब दोन हजार मीटरच्या डोंगरावर असावा तितकाच ठेवतात. आत्या मात्र घाटभर घोरत होती. बुलढाण्याच्या स्टँडवर उतरताना "पाय आखडले" म्हणाली खरी, पण ते तास-दीड तास गुडघे मुडपून बसल्यामुळे.

याहून गंमत म्हणजे दाबाला रोजची भरती-ओहोटी असते. समुद्राला चंद्र हलवतो, हवेला सूर्य. वरच्या थरांतला ओझोन आणि हवेतली वाफ उन्हानं तापते, त्याची लाट पृथ्वीभर फिरते, आणि आपल्यासारख्या उष्ण प्रदेशात दाब रोज सकाळी दहाच्या आणि रात्री दहाच्या सुमारास चढतो, पहाटे चारला आणि दुपारी चारला उतरतो. फरक तीन-चार हेक्टोपास्कलचा. आभाळ निरभ्र असो की भरलेलं, दाबमापकाची रेघ दिवसातून दोनदा अशी श्वास घेतल्यासारखी वर-खाली होते. म्हणजे आत्याच्या गुडघ्यांवरून रोज दोन लाटा जातात आणि तिला पत्ताही नसतो. पहाटे चारची ओहोटी तेवढी लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा येणार आहे.

मग दाबाचा सांध्याशी संबंधच नाही का? आहे, आणि तो ऐकून मी चाट पडले. १८३६ साली विल्हेल्म आणि एडुआर्ड वेबर या दोघा जर्मन भावांनी माणूस चालतो कसा यावर एक पुस्तक काढलं. विल्हेल्म भौतिकशास्त्रज्ञ, चुंबकत्वातल्या एका एककाला त्याचंच नाव आहे. एडुआर्ड शरीररचनेचा माणूस. त्यांनी एक मृतदेह टांगला आणि खुब्याभोवतीचे सगळे स्नायू कापले, सांध्याचं आवरणही कापलं. पाय गळून पडायला हवा होता. पडला नाही. मग कमरेच्या हाडातून खुब्याच्या खोबणीपर्यंत एक भोक पाडलं. हवा आत शिरली आणि पाय खाली आला.

म्हणजे मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीत धरून ठेवायला नुसती हवा पुरली होती. हिशेब करून बघा. गोळ्याचा व्यास पाचेक सेंटिमीटर, म्हणजे तोंडाचं क्षेत्रफळ वीस चौरस सेंटिमीटरच्या घरात. प्रत्येकावर एक किलो, म्हणून वीस किलोचा रेटा. साठ-पासष्ट किलोच्या माणसाचा अख्खा पाय भरतो दहा-अकरा किलो. आपण जिना चढतो, फुगडी घालतो, आणि पाय जागेवर ठेवायला स्नायू-बंधांच्या जोडीला सगळं आभाळ लागलेलं असतं.

निरोगी गुडघ्याच्या आतही दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी असतो, सांध्यातल्या पृष्ठभागांना एकमेकांजवळ ओढून धरणारा. सांध्यात पाणी झालं, सूज आली, की तो उलटा होतो. आतलं दाबणं बाहेरच्यापेक्षा वाढतं. म्हणून एकाच हवेत धडधाकट आणि दुखऱ्या गुडघ्याला वेगळं वाटणं अशक्य नाही. फिलाडेल्फियातल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जोसेफ हॉलंडर यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला यासाठी एक हवाबंद खोलीच बांधून घेतली, जिथला दाब, ओलावा, तापमान हवं तसं फिरवता येई. संधिवाताचे मोजके रुग्ण आळीपाळीनं तिथं मुक्कामाला ठेवले. नुसता दाब बदलला, फारसं काही नाही. नुसता ओलावा वाढवला, तरी नाही. पण दाब उतरवत असतानाच ओलावा चढवला, तेव्हा बहुतेकांचे सांधे कुरकुरू लागले. ही जोडी म्हणजेच पावसाची चाहूल. रुग्ण मूठभर होते, त्यामुळे त्यावर शास्त्र उभं राहत नाही. पण घाटात आत्या का घोरली याचं उत्तर मला इथं थोडंसं दिसलं. घाटात दाब उतरतो, ओलावा मात्र तसा चढत नाही.

आपल्याकडे हा विचार जुनाच. आयुर्वेदात वात साठतो ग्रीष्मात आणि उसळतो वर्षा ऋतूत. साठणं आणि उसळणं यांची अशी फारकत करणाऱ्यांनी माणसांच्या कण्हण्याकडे वर्षानुवर्षं लक्ष दिलं असणार.

आणि भाकिताचं म्हणाल तर आत्याचं सासर त्यासाठी प्रसिद्ध असलेल्या जिल्ह्यातच आहे. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. भोवती अठरा प्रकारची धान्यं, मध्ये खड्डा, खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, वर पाण्याची घागर, त्यावर पापड, कुरडई, वडा. रात्रभर तिकडे कोणी फिरकत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे वाघ घराण्यातले महाराज येऊन कोणतं ढेकूळ किती भिजलं, कोणता दाणा कुठे सरकला हे बघून पावसाचं, पिकांचं, झालंच तर राजाच्या गादीचंही भाकीत सांगतात. साडेतीनशे वर्षांची परंपरा सांगितली जाते. ऐकायला आजही शेकड्यांनी शेतकरी जमतात, मोबाइलवर ते अर्ध्या तासात महाराष्ट्रभर होतं. खरं किती निघतं या वादात मी पडत नाही. पण ज्या वर्षाचं भाकीत खरं ठरलं त्या वर्षाची गोष्ट पारावर दहा वर्षं चालते, आणि न ठरलेल्या वर्षाची दिवाळीपर्यंतही टिकत नाही, एवढं मी ऐकत आले आहे.

या विसरण्याचाच अभ्यास १९९६ साली डॉनल्ड रेडेलमायर आणि आमोस त्वेर्स्की यांनी केला. त्वेर्स्की म्हणजे माणसं अंदाज बांधताना कशी फसतात हे आयुष्यभर शोधणारे मानसशास्त्रज्ञ. त्यांनी आमवाताच्या १८ रुग्णांच्या दुखण्याच्या नोंदी १५ महिने घेतल्या आणि त्या हवामानाच्या नोंदींना लावून पाहिल्या. रुग्णांची जवळजवळ सगळ्यांची खात्री होती की हवा बदलली की आपलं दुखतं. आकड्यांत मेळ सापडला नाही. मग त्यांनी कॉलेजच्या मुलांना आकड्यांच्या अशा जोड्या दाखवल्या ज्यांत मुळात काही संबंधच नव्हता. मुलांना त्यातही संबंध दिसला!

हा प्रयोग घरी करावा म्हणून मी आत्याला भिंतीवरचं कालनिर्णय दिलं. दुखलं त्या दिवशी निळी फुली, पाऊस आला त्या दिवशी लाल. महिन्यानं जाऊन पाहिलं तर जिथं निळी तिथं लाल, एकही एकटी फुली नाही. मी थक्क. मग तिनंच खुलासा केला. ज्या दिवशी दुखलं पण पाऊस नाही आला, त्या दिवशी उगाच कशाला फुली मारायची? पान खराब होते.

मोठ्या संख्येनं पाहणाऱ्यांचंही एकमत नाही. २०१७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अनुपम जेना आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ज्येष्ठांच्या डॉक्टरभेटींच्या १ कोटी १६ लाखांवर नोंदी तपासल्या. पावसाच्या दिवशी सांधेदुखी-पाठदुखीच्या तक्रारी ६.३५ टक्के भेटींत, कोरड्या दिवशी ६.३९ टक्के. म्हणजे पावसानं काही फरक नाही. पण माझ्यासारखीला लगेच शंका येते, की डॉक्टरकडे जायची वेळ आधी ठरलेली असते आणि दुखणं काही वेळ घेऊन येत नाही. मँचेस्टर विद्यापीठाच्या विल डिक्सन यांनी ही अडचण हेरली. त्यांनी लोकांना फोनवरच रोज दुखण्याची नोंद करायला सांगितलं आणि फोन ज्या गावात आहे तिथली हवा आपोआप टिपली. १३ हजारांवर लोकांनी नाव नोंदवलं, २,६५८ जणांच्या नोंदी हिशेबात धरण्याइतक्या नेटानं झाल्या. २०१९ मध्ये निकाल आला तो असा, की हवा दमट, वारा जोराचा आणि दाब कमी असेल त्या दिवशी दुखणं जरा वाढतं. जरा म्हणजे किती? साध्या हवेत दुखऱ्या दिवसाची शक्यता शंभरात पाच असेल, तर सगळ्यात वाईट हवेत ती सहा. बस्स. तापमानाचा वेगळा परिणाम त्यांना दिसला नाही. त्याआधी २००७ साली बॉस्टनच्या टिमथी मॅकॅलिंडन यांनी गुडघ्याच्या झिजेच्या २०० रुग्णांत पाहिलं तर नेमकं उलट, थंडी वाढली की दुखणं वाढलं, आणि दाब चढला की वाढलं, उतरला की नव्हे.

अशा वेळी सगळा विषय बाजूला ठेवून द्यावासा वाटतो. पण हे सगळे आकडे बघताना एक गोष्ट मला खुपत राहिली. हवा मोजली ती वेधशाळेत किंवा गावाच्या आभाळाखाली, आणि दुखलं ते घरात, पलंगावर. दोन्हीमध्ये भिंत आहे, छप्पर आहे. वयस्कर माणूस दिवसातले वीस-बावीस तास ज्या हवेत काढतो, ती हवा या पाहण्यांत कोणी मोजलीच नव्हती.

आत्या लग्न होऊन आली ते घर धाब्याचं होतं. हात-सव्वा हात रुंदीच्या पांढऱ्या मातीच्या भिंती, वर माळवद, त्यावर मातीचा थर. जाड माती ऊन हळूहळू पिते. दुपारची आग भिंतीतून आत पोहोचेपर्यंत रात्र होते, आणि तोवर बाहेरची हवा निवलेली असते. हिवाळ्यात तेच उलट कामी येतं, दिवसाचं ऊन रात्री पाठीशी. तापमानाच्या उड्या असं घर पोटात घालतं. मग धाबं गळायला लागलं, पुढच्या खोल्यांवर स्लॅब पडला, मागे टिनं. स्लॅब चार-सहा इंचांचा. त्याला रात्रीपर्यंत दम निघत नाही, तो संध्याकाळीच आत ओकायला लागतो. टिनाला तर दमच नाही, डिसेंबरच्या पहाटे ते बाहेरच्या हवेइतकंच गार. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ साली घरातली हवा हिवाळ्यात किमान १८ अंश असावी असं सुचवलं. वर बुलढाणा-चिखलीकडच्या टिनाच्या घरात पौषातल्या पहाटे पारा त्याच्या कितीतरी खाली असतो, आणि तिथं तापवायला असते ती शेकोटी, तीही अंगणात.

पण आत्याचं दुखणं पौषातलं नव्हतं, मेमधलं होतं. आणि मेमध्ये वऱ्हाडात घरातली हवा छप्पर ठरवत नाही, कुलर ठरवतो.

कुलर ही माझ्या मते आपल्या भागातली सगळ्यात कमी कौतुक झालेली करामत आहे. टाकीत पाणी, तीन बाजूंना ओलं गवत किंवा वाळा, चौथ्या बाजूला पंखा. कोरडी तापलेली हवा ओल्या गवतातून ओढली की पाणी वाफ होतं, वाफ होताना उष्णता घेतं, आणि हवा गार होऊन आत येते. बाहेर त्रेचाळीस अंश आणि ओलावा पंधरा टक्के असेल, तर चांगल्या गवताचा कुलर सव्वीस-सत्तावीस अंशांची हवा फेकतो. उष्णता जाते, पण ओलावा राहतो. पंधरा टक्क्यांची हवा आत येताना साठ-सत्तर टक्क्यांची झालेली असते. बाहेर वैशाख आणि खोलीत श्रावण!

आणि रात्री? कुलर तसाच घर्रघर्र करत राहतो, कारण झोपताना गरम होत होतं. पहाटेपर्यंत बाहेरची हवा अठ्ठावीसला आलेली असते, तशीच कोरडी. ती ओल्या गवतातून गेली की वीस-बावीस अंशांवर येते. दोनेकशे रुपयांचं तापमान-ओलावा दाखवणारं एक यंत्र मी आत्याच्या उशाशी ठेवलं आणि पहाटे चारला उठून टॉर्चच्या उजेडात वाचलं. पारा बावीसच्या खाली, ओलावा सत्तरच्या वर. कुलरचा झोत सरळ खाटेच्या पायथ्यावर. उकाडा म्हणून चादर पायांशी गोळा झालेली, लुगडं वर सरकलेलं, आणि उघडे गुडघे त्या ओल्या वाऱ्यात. दमट हवा, वारा, आणि पहाटे चार म्हणजे दाबाची रोजची ओहोटी. मँचेस्टरच्या यादीतल्या तिन्ही गोष्टी मलकापूरच्या एका खोलीत हजर. (दाबाची तीन-चार हेक्टोपास्कलची ओहोटी तशी किरकोळ. ती आपली उगाच साक्षीला आलेली.)

आत्याचे टोंगळे खोटं बोलले नव्हते. त्यांनी पाऊस ओळखला होता, फक्त तो आभाळातला नव्हता.

गुडघाच का, खांदा किंवा खुबा का नाही? गुडघ्याच्या पुढच्या बाजूला मांस नाही. कातडीखाली लगेच वाटी. शरीर सदतीस अंशांवर असताना निरोगी गुडघ्याच्या आत बत्तीस-तेहतीसच्या आसपासच असतात. हेही मोजलं ते त्याच हॉलंडर यांनी, १९४०च्या दशकात, सांध्यात सुई घालून. आत चमचाभरही नसेल इतकं वंगण असतं, अंड्याच्या पांढऱ्यासारखं चिकट. गारठ्यात ते आणखी दाट होतं, थिजू लागलेल्या खोबरेल तेलासारखं. मांडीचे स्नायू आवळतात, बंध ताठ होतात, आणि कूर्चा आधीच झिजलेली असेल तर पहिली दहा-वीस पावलं नकोशी होतात. चाललं की वंगण पुन्हा सैल पडतं, म्हणून झिजेच्या गुडघ्याचा सकाळचा आखडलेपणा बहुधा अर्ध्या तासात ओसरतो. तास-तास ओसरत नसेल, बोटांचे सांधे दोन्ही हातांत सारखे सुजत असतील, तर ती कुलरची करामत नव्हे, आमवाताची शंका आहे, आणि तिथं डॉक्टर हवा. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ पासून भिगवणला घरोघर जाऊन जी पाहणी केली, तीत आमवात दर दोनशे प्रौढांत एकाला आढळला. साधी दुखणारी हाडं-सांधे मात्र घरटी.

गारव्याची वर्दी मेंदूपर्यंत नेणारी एक छोटी झडप आपल्या त्वचेतल्या मज्जातंतूंत असते. सव्वीस-अठ्ठावीस अंशांच्या खाली ती उघडते. डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पातापुतियान यांना २०२१ चं नोबेल मिळालं ते उष्णता, गारवा आणि दाब ओळखणाऱ्या अशाच झडपांसाठी. मजा अशी की पुदिन्याच्या अर्कातला मेंथॉलही हीच झडप उघडतो. आत्या गुडघ्यावर बाम चोळते तेव्हा गुडघा गार झालेला नसतोच, मेंदूला फक्त तशी खोटी वर्दी जाते, आणि त्या वर्दीच्या गलबल्यात ठणक्याची वर्दी मागे पडते. ज्या दारानं दुखणं आलं, त्याच दारावर बामचा पहारा.

गाऊटची तऱ्हा आणखी निराळी. रक्तातलं युरिक आम्ल सदतीस अंशांना डेसिलिटरमागे ६.८ मिलिग्रॅमपर्यंत विरघळून राहतं, तीस अंशांना जेमतेम साडेचार. शरीरातली सगळ्यात गार जागा पायाचा अंगठा, म्हणून खडे पहिल्यांदा तिथंच बसतात. एवढं वाचून गाऊट हिवाळ्यातच उठत असेल असं वाटेल, पण तो भर उन्हाळ्यातही उठतो. घामानं अंगातलं पाणी आटतं आणि रक्तातलं आम्ल घट्ट होतं. आतेभावाचा अंगठा मेमध्ये लाल होतो तेव्हा तो कुलरसमोर बसतो. बसायला हवं माठाशेजारी.

आणि पावसाळ्यातल्या सांधेदुखीचा एक गुन्हेगार तर आभाळात नसतोच, तो अंगणातल्या टायरमध्ये असतो. २००६ साली महाराष्ट्रभर चिकुनगुनिया पसरला तेव्हा गावंच्या गावं वाकून चालत होती. मूळ आफ्रिकी शब्दाचा अर्थच वाकवणारा. ताप चार दिवसांत गेला, सांधे कितीकांचे वर्षभर धरलेले राहिले. पाऊस आला की सांधे दुखतात हे अशा घरांत अगदी खरं होतं, मध्ये फक्त एक डास होता.

कुलरचं पुढे मी एवढंच केलं, की खाट हलवली. झोत आता समोरच्या भिंतीवर जातो आणि फिरून येतो. खिडकीची एक फळी उघडी ठेवली, कारण ओली हवा बाहेर पडायला वाट नसेल तर कुलर नुसता ओल साठवतो. रात्री दोनला आतेभावानं उठून पाण्याचा पंप बंद करायचा, नुसता पंखा चालू ठेवायचा, असं ठरलं; तो चारपैकी तीन दिवस विसरतो. आत्यासाठी जुन्या लोकरी स्वेटरच्या बाह्या कापून गुडघ्याला चढवायच्या नळ्या शिवल्या. मे महिन्यात लोकर म्हटल्यावर तिनं मला वेड्यात काढलं. आठ दिवसांनी त्या धुवायला मागितल्या तर देईना.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री कधीतरी खरा पाऊस आला. सकाळी ती उठली, चौकट न धरता पायरी उतरली आणि ओल्या अंगणात पाय पडल्यावर दचकून थांबली.

"राती पानी आला काय वं? मले तं कयलंच नाही."